छबिलदास ही शाळाच होती!

प्रारंभीच एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी नाट्यसमीक्षक नव्हे. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे पूर्णेच्या एका शाळेत मुलांना जास्वंदीचे फूल नि मातीचा माठ काढावयास शिकवतो आहे. सुट्ट्यांत कादंबऱ्या लिहितो. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवण्याचे काम दरवर्षी न मागता माझ्याकडे येते, एवढाच माझा रंगभूमीशी अधिकृत संबंध. तेव्हा पुढचा मजकूर एका अडाण्याचे बोल म्हणून कोणाला सोडून द्यावयाचा असेल तर त्याने खुशाल सोडून द्यावा. पण ज्याच्या गावी नाटक कधी आलेच नाही त्याने नाटकाविषयी बोलू नये, असा नियम अजून कोणी केलेला माझ्या ऐकिवात नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात शाळा सुटताच मी मुंबईस गेलो, परतताना पुण्यास दोन दिवस थांबलो आणि एकूण पाच नाटके पाहिली. पाचही छोटी. छोटे नाटक म्हणजे काय, हे आमच्याकडच्या वाचकाला सांगितले पाहिजे. मोठ्या नाटकाला सातशे-आठशे खुर्च्यांचे नाट्यगृह लागते, रंगमंचावर जिन्यासकट घर उभे करावे लागते, आणि मालिकांमधून घरोघर पोचलेला निदान एक चेहरा लागतो. छोट्या नाटकाला यांतले काही लागत नाही. पन्नास ते दोनशे प्रेक्षक, दोन-चार नट, एखादे स्टूल, एखादी दोरी, सत्तर-ऐंशी मिनिटे, मध्यंतर नाही. मुंबईत जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ पासून अशा नाटकांना घर देत आले आहे. अलीकडे वर्सोव्याच्या आरामनगरातल्या जुन्या बैठ्या घरांतून खोल्यांना काळा रंग देऊन तिथेही प्रयोग चालतात. पुण्यात शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे. मोठ्या शहराच्या पोटात ही लहान लहान नाटके रोज संध्याकाळी कुठे ना कुठे चालू असतात, आणि ती चालू राहावीत असे मला मनापासून वाटते.

पाचांपैकी दोन नाटके मला अतिशय आवडली, हेही आधीच सांगतो. एका नटीने एकाच साडीची नदी केली, पाळणा केला आणि शेवटी फास केला. मी चित्रकलेचा मास्तर. इतक्या थोड्या रेषांत इतके काढता येते, हे मला त्या रात्री नव्याने कळले. तेव्हा या नाटकांत काही नाही, अशी माझी तक्रार नाही. माझे भांडण आहे ते यांत इतके असूनही ते मुंबई-पुण्याच्या वेशीबाहेर पडत नाही, याविषयी.

मोठी मौज अशी की पाचांपैकी तीन नाटके खेड्याविषयी होती. एकात दुष्काळ, एकात कर्जापायी मेलेला शेतकरी, एकात गाव सोडून आलेला मुलगा. तिकीट कुठे तीनशे, कुठे पाचशे. प्रेक्षकांत खेड्यातला माणूस म्हणाल तर बहुधा मी एकटा. बाकीच्यांपैकी निम्मे लोक दुसऱ्या छोट्या नाटकांतले नट निघाले. आज मी तुझ्या प्रयोगाला आलो, उद्या तू माझ्या प्रयोगाला ये, असा हा आहेर आणि परतीचा आहेर. लग्नघरी हे शोभते. पण आहेराच्या वहीवर रंगभूमी किती दिवस चालणार?

एका प्रयोगानंतर बाहेर चहाच्या गाडीपाशी मी एका तरुण नटाला विचारले, “हे नाटक कुठेकुठे होते?”

तो म्हणाला, “मुंबई, पुणे. नाशिकला एकदा केलं. बंगलोरला एका महोत्सवात.”

“छत्रपती संभाजीनगरच्या पलीकडे? जालना, परभणी, नांदेड?”

तो बिचारा सज्जन होता. हसला नाही. म्हणाला, “सर, तिकडं स्पेस नाहीये ना.”

हा ‘स्पेस’ शब्द मी गाडीत बसल्यापासून पूर्णा येईपर्यंत चघळत होतो. जागा नाही! सबंध मराठवाडा उताणा पडला आहे, आणि यांना म्हणे जागा नाही!

आता जरा मागे जाऊ. ज्या चळवळीचे नाव ही मंडळी उठता-बसता घेतात, तिचे नाव काय? छबिलदास. आणि छबिलदास म्हणजे काय? ते काही नाट्यगृहाचे नाव नव्हे, नाटकमंडळीचे नव्हे, की कोणा नाट्याचार्याचे नव्हे. ती दादरची एक शाळा. मुलांचे हायस्कूल! ‘आविष्कार’ ही संस्था १९७१ साली निघाली आणि १९७४ पासून तिने त्या शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले. ते दीड दशकाहून अधिक काळ चालले. दिवसा शाळा आणि रात्री नाटक. पुढे तो हॉल गेला तेव्हा ‘आविष्कार’ माहीमला गेली, आणि तिथेही तिला आसरा दिला तो महापालिकेच्या शाळेच्या इमारतीने. म्हणजे आधुनिक मराठी नाटक वयात आले ते शाळेच्या हॉलमध्ये, आणि म्हातारपणी टेकले तेही शाळेच्याच भिंतीला.

ते शाळेत का आले? मोठ्या नाट्यगृहांची भाडी परवडेनात म्हणून, हे खरेच. पण आणखी एक कारण आहे आणि त्याचा मला मास्तर म्हणून अभिमान वाटतो. ‘आविष्कार’ उभी करणाऱ्या सुलभा देशपांडे या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. मुलांची नाटके बसवता बसवता त्या मोठ्यांच्या नाटकाकडे आल्या, आणि पुढे ‘चंद्रशाला’ काढून पुन्हा मुलांकडे गेल्या. अरविंद देशपांडे, विजय तेंडुलकर यांची नावे सर्वतोमुखी आहेत आणि ती असावीतच. पण शाळा आणि नाटक यांच्या मधले दार कोणत्या हातांना ओळखीचे होते, हेही विसरू नये. ते खडूने पांढरे झालेले हात होते.

तेव्हा माझ्या तरुण मित्रा, स्पेस म्हणजे शाळा. आणि शाळा आमच्याकडे आहे.

दुसरी गोष्ट याहून टोचणारी आहे. या साऱ्या प्रायोगिक रंगभूमीचे सर्वांत गाजलेले नाटक कोणते, असे विचारले तर दहांपैकी आठजण तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे नाव सांगतील. ‘रंगायन’ने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले, सुलभाताई त्यात बेणारे झाल्या होत्या. बेणारेबाई कोण? शाळामास्तरीण. आणि नाटक घडते कुठे? एका खेडेगावातल्या हॉलमध्ये! मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास त्या गावी आलेली असते. गावकऱ्यांना काय दाखवणार? तर अण्वस्त्रे बनवल्याबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला. प्रयोग रात्री व्हावयाचा असतो. वेळ जात नाही म्हणून मंडळी आपसांतच एक खोटा खटला मांडतात आणि त्या खेळात बेणारेबाईंचा जीव जातो की राहतो अशी गत होते. अखेर दार किलकिले होते, गावातली माणसे डोकावतात आणि खेळ सुरू झाला का, म्हणून विचारतात.

या शेवटाकडे समीक्षकांनी बेणारेच्या बाजूने पाहिले, आणि ते योग्यच झाले. पण मी पूर्णेचा माणूस. मला ते दार दिसते. नाटक संपलेले आहे, आणि ज्यांच्यासाठी ही मंडळी आगगाडीने आली ती माणसे आता कुठे दाराशी पोचली आहेत. आतल्या मंडळींनी आपला सारा खेळ आपसांतच उरकून घेतला आहे. १९६७ सालापासून आम्ही त्या दारात उभे आहोत, आणि मुंबईची छोटी रंगभूमी अजूनही आत आपसांत खटले चालवते आहे.

यावर जी उत्तरे मिळतात ती मला पाठ झाली आहेत. एकेकाचा समाचार घेतो.

पहिले उत्तर खर्चाचे. अहो, ज्या काळी रस्ते धड नव्हते त्या काळी गंधर्व नाटक मंडळी पडदे, पेट्या, आचारी, वादक असा सारा संसार आगगाडीत घालून गावोगाव हिंडत होती. कोकणातले दशावतारी पेटारा डोक्यावर घेऊन देवळादेवळांतून रात्री जागवीत आले आहेत. तुमच्या नाटकाला तर एक स्टूल नि एक दोरी लागते! स्टूल आमच्या स्टाफरूममध्ये आहे. दोरी विहिरीवरची देऊ. मुंबईहून रात्री देवगिरी एक्सप्रेस सुटते ती दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णेस येते. अंतर साडेपाचशे किलोमीटरांहून थोडे अधिक, स्लीपरचे भाडे चारशेच्या आतबाहेर. म्हणजे तुमच्या एका तिकिटाच्या किमतीत तुमचा एक नट आमच्या फलाटावर उतरतो.

दुसरे उत्तर प्रेक्षक नाही हे. हे ज्यांना वाटते त्यांनी एकदा झाडीपट्टीत जावे. वडसा-देसाईगंजच्या आसपास, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत दिवाळीनंतर भाताची कापणी सरली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. उघड्या शेतात मंडप पडतो आणि तिकीट काढून आलेली माणसे रात्रभर कुडकुडत नाटक पाहतात. ते नाटक तुम्हाला बटबटीत वाटेल. मलाही काही ठिकाणी वाटते. पण प्रेक्षक नाही असे तरी म्हणू नका. प्रेक्षक आहे. तो तुमचा नाही, कारण तुम्ही त्याचे नाही.

आमच्या मराठवाड्यातलेच उदाहरण हवे असेल तर तेही आहे. तेव्हाच्या औरंगाबादेत नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सुरू केले. एक माणूस, बावन्न पात्रे. याहून छोटे नाटक कोणते असावयाचे? पण ते खोलीत कोंडून राहिले नाही. आडगावच्या पटांगणापासून परदेशापर्यंत ते हिंडले. नाटकाचे छोटेपण नटांच्या संख्येत असावे, प्रेक्षकांच्या संख्येत असण्याचे कारण नाही, हे त्या एका माणसाने सिद्ध करून ठेवले आहे.

तिसरे उत्तर सर्वांत विद्वान. “आमचे नाटक प्रयोगशील आहे, त्याला विशिष्ट जाणिवेचा प्रेक्षक लागतो.” यासाठी ग्रोटोव्हस्कीचे नाव पुढे करतात. ठीक. त्या ग्रोटोव्हस्कीने १९५९ साली आपले काम कुठे सुरू केले? वॉर्सात नव्हे. पोलंडच्या एका प्रांतातल्या ओपोले या गावी, तेरा रांगांच्या थिएटरात. बादल सरकारांचे नाव घेतात. ते व्यवसायाने नगररचनाकार. कोलकात्याचे रंगमंच सोडून ते आधी खोलीत आले, मग बागेत गेले आणि मग ‘शताब्दी’च्या नटांसह पायी खेड्यांत गेले. तुम्ही त्यांच्याकडून खोली तेवढी घेतली आणि पाय तिथेच ठेवून दिले. आणि अगदी शेजारी कर्नाटकात पाहा. सागर तालुक्यातले हेग्गोडू हे खेडे. तिथे १९४९ साली ‘नीनासम’ निघाली. के. व्ही. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. १९८५ पासून त्यांची ‘तिरुगाट’ ही फिरती मंडळी शेक्सपिअरसुद्धा घेऊन गावोगाव जात आली आहे. कन्नड शेतकऱ्याला शेक्सपिअर चालतो आणि मराठी शेतकऱ्याला तुमचे सत्तर मिनिटांचे नाटक पचणार नाही, असे म्हणणे असेल तर ते एकदा चारचौघांत मोठ्याने म्हणा; म्हणजे आम्हालाही ऐकू येईल.

वस्तुतः रहदारी आहे, पण ती एकाच दिशेने आहे. ‘जिगीषा’ची मुले औरंगाबादेत नाटक शिकली आणि मुंबईला गेली, मराठी रंगभूमीचे त्यात भलेच झाले. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली आले, तेव्हा जालन्याकडच्या शेतकरी नटांनी मुंबईचा रंगमंच हलवून सोडला. आमचा माल तिकडे जातो, गाजतो, विकला जातो. तिकडून इकडे काय येते? वर्तमानपत्रांतली परीक्षणे. आणि हे विसरू नये की मराठी नाटकाचा जन्मच मुळी मुंबईत झालेला नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीत. मुंबईस ते दहा वर्षांनी गेले. नाटक गावातून शहराकडे गेले. आता ते परतीचे तिकीट काढावयास विसरले आहे.

इथपर्यंत वाचून आमच्याकडचे वाचक खूष झाले असतील. त्यांनी इतक्यात खूष होऊ नये. आता त्यांची पाळी.

शहराने दार लावले हे खरे, पण कडी आम्हीही आतून घातली आहे. एखाद्या मालिकेतला नट नांदेडला आला की आम्ही गाडी करून जातो, पाचशे रुपये देतो आणि त्याच्यासोबत फोटो काढून परततो. नाटकाचे नाव काय होते हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. शाळांची स्नेहसंमेलने पाहा. पूर्वी मुले वेडीवाकडी का होईना, नाटुकली करीत. आता ध्वनिक्षेपकावर गाणे लावावयाचे नि चौथीच्या पोरींना त्यावर नाचावयास लावावयाचे, की पालक धन्य. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आमच्या परभणीच्या केंद्रावरही तिची प्राथमिक फेरी होते. हौशी मंडळी पदरमोड करून, रात्री जागून नाटक बसवतात. पण ते बसवतात कोणासाठी? तीन परीक्षकांसाठी. एक प्रयोग, एक निकाल, दोन भांडणे, आणि नेपथ्याच्या फळ्या कोणाच्या तरी माडीवर. जे नाटक परभणीत झाले ते तीस किलोमीटरांवरच्या पूर्णेस येत नाही. मग मुंबईच्या नाटकाने साडेपाचशे किलोमीटर यावे, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणि माझा स्वतःचा अनुभव सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही.

मुंबईहून आल्यावर मी सात नाट्यसंस्थांना पत्रे लिहिली. तीन उत्तरे आली. एकीने सामानाची यादी पाठवली. तिच्यात दिव्यांची संख्याच आमच्या साऱ्या शाळेतल्या दिव्यांहून अधिक होती. दुसरीने विचारले की प्रेक्षक पूर्वी असे नाटक पाहिलेले असतील काय. तिसरी संस्था म्हणजे एक तरुण आणि एक तरुणी, एवढेच. त्यांनी विचारले, “सर, कधी येऊ?”

मग मी हॉलसाठी अर्ज केला. संस्थाचालकांच्या तीन बैठका झाल्या. नाटकात शिवी आहे काय? राजकारण आहे काय? कोणाच्या भावना दुखावतील काय? अखेर ठरले की हॉल देता येत नाही, कारण त्या तारखेस तो एका लग्नाच्या पंगतीसाठी दिलेला आहे. शाळेच्या हॉलमध्ये बुंदीला जागा आहे, नाटकाला नाही! शेवटी मुख्याध्यापकांच्या चांगुलपणाने सातवीचे दोन वर्ग मिळाले. मधली लाकडी फळी काढली, बाके भिंतीला लावली, संमेलनाचे माझेच पडदे उलटे करून खिडक्यांवर टाकले. मंडपवाल्याने दोन हॅलोजन फुकट दिले. तिकीट तीस रुपये. डिसेंबरातल्या त्या शनिवारी चौऱ्याण्णव माणसे आली. शिक्षक, रेल्वेचे गँगमन, बचत गटाच्या बाया, माझे जुने विद्यार्थी, आणि मीटरगेजच्या दिवसांत इथल्या इंजिनशेडमध्ये फिटर असलेले दोन-तीन निवृत्त म्हातारे.

नाटक असे होते. एक मुलगा मुंबईत राहतो. गावी आई आजारी आहे. तो रोज मोबाईलवर तिचा चेहरा पाहतो, बायकोशी भांडतो, रजा मागतो, मागत नाही, आणि एके दिवशी पडद्यावर चेहरा येत नाही. मुलगा कोऱ्या पडद्याकडे पाहत राहतो. अंधार. दोघेही सुरेख करीत होती. दोन वर्गांत चौऱ्याण्णव माणसे, पण बाक वाजले नाही.

नाटक संपल्यावर त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारले, कोणाला काही बोलायचे आहे का? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक म्हातारे फिटर उठले. टोपी हातात घेतली आणि म्हणाले, “समदं चांगलं केलं लेकरांनो. पर त्या म्हातारीला आग कोन देल्ली?”

तो तरुण गोंधळला. म्हणाला, “म्हणजे?”

“म्हंजे पोरगा तं आला न्हाई. मंग लाकडं कोन आनली? खांदा कोन देल्ला? कोनी तं देल्लाच असंल. त्यो कुठं हाय तुमच्या नाटकात?”

तो मुलगा क्षणभर उभाच राहिला. मग त्याने प्रामाणिकपणे सांगितले की आजवर मुंबई-पुण्यात बावीस प्रयोग झाले, प्रत्येकानंतर चर्चा झाली, पण हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. रात्री माझ्या घरी पिठलं-भाकरी खाताना तो दोनदा म्हणाला, “सर, आम्ही फोनचं एकच टोक लिहिलं.”

आता यात त्या म्हाताऱ्याचे कौतुक करून थांबावयाचे नाही. त्याने फार मोठे शहाणपण सांगितले असे त्याला स्वतःलाही वाटत नव्हते. तो पूर्णेत राहतो. इथली निम्मी पोरे पुण्या-मुंबईला आहेत. ज्यांचे मुलगे वेळेवर पोचले नाहीत अशांना त्याने स्वतः खांदा दिला आहे. त्याने आपल्या अनुभवातला साधा प्रश्न विचारला. पण तो प्रश्न ज्या नाटकाला कधी भेटला नाही ते नाटक अर्धेच लिहिलेले होते, आणि बावीस प्रयोग होऊनही कोणाच्या ध्यानात आले नव्हते. कारण बावीस वेळा समोर फोनच्या त्याच टोकाची माणसे बसली होती. छोट्या नाटकाने गावात यावे, हे मी गावावर उपकार म्हणून मागत नाही. गावाचे अडलेले नाही. गाव मालिका पाहून झोपी जाईल. अडले आहे ते नाटकाचे.

हिशेबाचेही सांगतो. चौऱ्याण्णव तिकिटांचे दोन हजार आठशे वीस रुपये झाले. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे वजा जाता हजार-बाराशे त्यांच्या हाती उरले. यावर कोणाचे घर चालत नाही, हे मला समजते. नट हवा पिऊन जगत नाहीत. पण नकाशा काढून पाहा. जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड ही सारी गावे एकाच रुळावर आहेत. पूर्णेहून दुसरी लाईन वसमत, हिंगोली, वाशीमकरून अकोल्यास जाते. प्रत्येक गावात शाळा आहे, प्रत्येक शाळेत माझ्यासारखा एखादा पडदे रंगवणारा मास्तर आहे. सहा गावे, सहा शाळा, सहा रात्री, एकच तिकीट. सहा गावांतल्या सहा मास्तरांनी मनावर घेतले तर या लाईनवर दर हिवाळ्यात एक नाटक फिरेल. यासाठी अनुदान नको, महामंडळ नको, उद्‌घाटक तर मुळीच नको. शाळेच्या चालकांनी वर्षातून एक रात्र हॉल द्यावा आणि बुंदी बाहेर वाढावी.

मुंबईच्या मंडळींना माझे सांगणे एवढेच. छबिलदासचे नाव घ्यावयाचे असेल तर शाळेत या. नसेल यावयाचे तर ते नाव सोडा. आपल्या काळ्या खोल्यांना दुसरे काहीतरी नाव द्या आणि खेड्याविषयी लिहिणे तरी बंद करा. ज्याच्याविषयी लिहिता त्याच्या तोंडावर ते म्हणण्याची हिंमत नसेल, तर त्याला आमच्याकडे नाटक म्हणत नाहीत, चहाडी म्हणतात.

आणि आमच्या लोकांना सांगणे असे की दाराशी उभे राहून खेळ सुरू झाला का, म्हणून विचारत बसू नका. दार शाळेचे आहे आणि शाळा आपली आहे. त्या डिसेंबरानंतर मी सातवीच्या दोन वर्गांच्या किल्लीची एक जोडी बनवून घेतली आहे. मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. संस्थाचालकांना हा लेख वाचून ठाऊक होईल. यंदाच्या डिसेंबरात ती दोघे पुन्हा येणार आहेत. म्हातारे फिटर दर आठवड्याला विचारतात, “सर, त्या म्हातारीचं काय झालं?” मी त्यांना सांगितले आहे, तिकीट काढून या आणि पाहा.